आजी आणि ऑझी



मागच्या लेखाला दोन महिने होऊन गेले. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे लिहिणं-वाचणं सगळं बंद होतं. आता डॉक्टरांनी परवानगी दिली आहे आणि विषयही नातवाने आयताच हातात दिला आहे.

माझी लेक मेलबर्नला असते हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. (नातेवाइकांना तर जरा जास्तच ठाऊक आहे!) तिचा मुलगा तिकडेच जन्मला, आता पाचवीत आहे. दर रविवारी सकाळी मी चहाचा कप घेऊन बसते, तेव्हा त्यांचं दुपारचं जेवण उरकत आलेलं असतं. मग तासभर व्हिडिओवर गप्पा. एप्रिलमधल्या एका रविवारी तो मला शाळेत केलेली कागदाची लाल फुलं दाखवत होता. तिकडे २५ एप्रिलला 'अँझॅक डे' असतो, लढाईत गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस. त्यासाठी मुलांनी ती अफूची फुलं केली होती. वर्गातल्या मुलांची नावं सांगता सांगता त्याने एक व्हिएतनामी नाव घेतलं, एक ग्रीक घेतलं, एक पंजाबी घेतलं. मी आपलं सहज विचारलं, "मग तुमच्या वर्गात ऑसी मुलं किती आणि आपली किती?"

"आजी, ऑसी नाही ग, ऑझी," तो म्हणाला. "आणि मी पण ऑझीच आहे."

मी हसले, विषय बदलला. पण कॉल संपल्यावर ते वाक्य काही मनातून जाईना. 'मी पण ऑझीच आहे.' त्यातला तो 'च' फार टोचला. मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं ना, असले 'च' लगेच कानाला लागतात. मग म्हटलं, नुसतं मनाला लावून घेण्यापेक्षा हा शब्द आला कुठून ते तरी बघू. चौतीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवल्यावर तेवढीच एक सवय उरली आहे.

आमच्या घरात ऑस्ट्रेलिया आला तो क्रिकेटच्या वाटेने. वडील सांगलीचे, आणि विजय हजारेंचा जन्मही सांगलीचा. जानेवारी १९४८ मध्ये हजारेंनी ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतकं ठोकली, ११६ आणि १४५. ही गोष्ट माझ्या जन्माआधीची. पण वडिलांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली की मीच त्या मैदानावर होते असं वाटावं. पुढे वर्तमानपत्रांतून 'कांगारूंची दाणादाण' वगैरे मथळे वाचले, आणि 'ऑसी' हा शब्दही तिथेच भेटला. इंग्रजी स्पेलिंगात दोन 'एस' दिसतात म्हणून आपण 'ऑसी' म्हणतो. अमेरिकेतही पुष्कळ लोक तसंच म्हणतात. पण ज्यांचं ते नाव आहे ते 'झ'च म्हणतात. तेव्हा नातवाची दुरुस्ती बरोबर होती, हे आधी कबूल करून टाकते.

आता या शब्दाची घडण बघा. 'ऑस्ट्रेलियन' हे लांबलचक नाव तोडायचं आणि शेपटीला 'ई' लावायची. ऑस्ट्रेलियातल्या माणसांना ही खोडच आहे म्हणतात. मॉस्किटोचं 'मॉझी', ब्रेकफास्टचं 'ब्रेकी', बार्बेक्यूचं 'बार्बी', फुटबॉलचं 'फूटी'. आणि 'ई' नाही लावली तर 'ओ' लावायचा. आफ्टरनूनचं 'आर्व्हो', पेट्रोलपंपाचं, म्हणजे सर्व्हिस स्टेशनचं, 'सर्व्हो'. लेकीने तिथल्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं, "आई, इथे इंग्रजी कळतं, पण अर्धंच ऐकू येतं!"

पण मंडळी, हे आपल्याला नवीन आहे का? रामचा राम्या, पांडुरंगाचा पांड्या, दत्तात्रयाचा दत्तू, मनोहरचा मन्या. आपणही नाव अर्धं तोडतो आणि शेवटी 'या' नाहीतर 'ऊ' चिकटवतो. आणि त्या 'या'चा अर्थ कोशात मिळत नाही. तो बोलणाऱ्याच्या तोंडात असतो. 'राम्या' असं आईने म्हटलं तर ती माया, मित्राने म्हटलं तर दोस्ती, आणि वाड्यावरच्या मालकाने अंगणात उभं करून म्हटलं तर तो अपमान. शब्द तोच, काना-मात्रेचाही फरक नाही. 'ऑझी'ची सगळी कथा मला शेवटी याच एका गोष्टीची वाटली. म्हणून हे आधी सांगून ठेवलं.

'ऑस्ट्रेलिया' हे नाव तसं अलीकडचं. लॅटिनमध्ये 'ऑस्ट्रालिस' म्हणजे दक्षिणेकडचा. (म्हणजे माझा नातू खरा दाक्षिणात्य झाला म्हणायचा.) त्या आधी युरोपातले लोक त्या भूमीला 'न्यू हॉलंड' म्हणत. मॅथ्यू फ्लिंडर्स या दर्यावर्दीने त्या किनाऱ्याला वळसा घालून नकाशे केले आणि १८१४ मधल्या आपल्या ग्रंथात 'ऑस्ट्रेलिया' हे नाव सुचवलं. १८१७ मध्ये गव्हर्नर मॅक्वारीने ते सरकारी कागदावर वापरायची शिफारस केली. हजारो वर्षं तिथे राहणाऱ्या आदिवासींची आपापल्या प्रदेशांना आपापल्या भाषांत नावं होतीच. पण त्यांना कोण विचारतो?

देशाला नाव मिळालं, माणसांना मात्र एक नाव नव्हतं. इंग्लंडने १७८८ मध्ये तिथे कैद्यांची वसाहत केली. पुढे त्या मातीत जन्मलेल्या गोऱ्या मुलांना 'करन्सी' म्हणू लागले आणि इंग्लंडहून आलेल्यांना 'स्टर्लिंग'. स्टर्लिंग म्हणजे इंग्लंडचं अस्सल नाणं. करन्सी म्हणजे वसाहतीत चालणारी सटरफटर नाणी आणि चिठ्ठ्या, त्यांची किंमत स्टर्लिंगपेक्षा कमी. म्हणजे तिथे जन्मलेलं मूल हे खोटं नसलं तरी हलकं नाणं! पण त्या मुलांनी काय केलं? तेच नाव छातीवर लावून मिरवलं. 'करन्सी लॅड' या नावाचं वर्तमानपत्रच १८३२ मध्ये सिडनीत निघालं. दुसऱ्याने हिणवण्यासाठी दिलेलं नाव आपणच उचलून आपलं करायचं, ही युक्ती तेव्हापासूनची आहे.

पुढे सहा वसाहती झाल्या आणि प्रत्येकीची वेगळी टोपणनावं पडली. न्यू साउथ वेल्सचे लोक उंच आणि सडपातळ, म्हणून ते 'कॉर्नस्टॉक', म्हणजे मक्याची ताटं. व्हिक्टोरियाचे 'गमसकर', झाडाचा डिंक चोखणारे. साउथ ऑस्ट्रेलियाचे 'क्रोईटर', कावळे खाणारे. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचे 'सँडग्रोपर', वाळू चाचपणारे. आपल्याकडे घाटी, कोकण्या, वऱ्हाडी चालतं ना, तसाच प्रकार. १ जानेवारी १९०१ रोजी या सहा वसाहती मिळून एक देश झाला. कागदावर एक झाला, पण सगळ्यांना मिळून हाक मारायला एक घरगुती नाव अजून नव्हतंच.

ते नाव घरात नाही, परदेशात तयार झालं. तेही खंदकात.

पहिलं महायुद्ध १९१४ मध्ये सुरू झालं तेव्हा ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या पन्नास लाखांच्याही आत होती. त्यातले चार लाखांवर लोक सैन्यात गेले आणि साठ हजारांच्या आसपास परत आले नाहीत. २५ एप्रिल १९१५ रोजी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या फौजा तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरल्या. तो हा अँझॅक दिवस. आठ महिने त्या कड्यांवर झुंज चालली, आठ हजारांहून जास्त ऑस्ट्रेलियन तिथे मेले, आणि डिसेंबरात फौजा माघारी घ्याव्या लागल्या. मग ती मुलं फ्रान्स आणि बेल्जियमच्या चिखलात गेली.

त्याच वर्षांत 'ऑझी' हा शब्द लिहिलेला सापडू लागतो. युद्ध संपल्या संपल्या, १९१९ मध्ये, डब्ल्यू. एच. डाउनिंग नावाच्या सैनिकाने खंदकांतल्या बोलीचा 'डिगर डायलेक्ट्स' नावाचा छोटासा कोश काढला. ('डिगर' हे ऑस्ट्रेलियन सैनिकांचं दुसरं टोपणनाव. मुळात ते १८५० नंतर सोन्याच्या खाणी खणायला आलेल्यांचं होतं.) त्या काळच्या शब्दसंग्रहांत 'ऑझी'चे एक सोडून तीन अर्थ दिसतात. पहिला, ऑस्ट्रेलिया देश. दुसरा, ऑस्ट्रेलियन सैनिक. आणि तिसरा वाचून मी चष्मा काढून ठेवला. तिसरा अर्थ असा, की ज्या जखमेमुळे सैनिकाला कायमचं ऑस्ट्रेलियाला परत पाठवतात, ती जखम.

म्हणजे एखाद्याच्या पायात गोळी घुसली आणि डॉक्टरांनी हा आता लढाईच्या कामाचा नाही असं सांगितलं, की सोबती म्हणणार, याला 'ऑझी' मिळाली. नशीबवान आहे!

हे नीट समजायचं तर एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. इंग्रज सैनिकाला चार दिवस रजा मिळाली तर तो खाडी ओलांडून घरी जाऊन येई. ऑस्ट्रेलियाच्या पोराला घर म्हणजे दीड-दोन महिन्यांचा बोटीचा प्रवास. रजेवर घरी जाणं शक्यच नव्हतं. युद्ध संपेपर्यंत तरी नाही, नाहीतर अशी जखम होईपर्यंत. म्हणून देशाचं नाव, आपलं स्वतःचं नाव आणि घरी पोचवणाऱ्या जखमेचं नाव, तिन्ही एकाच शब्दात येऊन बसली.

आणि या जखमेच्या अर्थाची नक्कल त्यांनी कुठून केली, माहीत आहे? इंग्रज शिपायांकडून. ते अशा जखमेला 'ब्लायटी' म्हणत. ब्लायटी म्हणजे इंग्लंड, म्हणजे घर. आणि ब्लायटी हा शब्द आपल्या 'विलायती'चा अपभ्रंश आहे! हिंदुस्थानात नोकरी केलेल्या गोऱ्या पलटणींनी तो इथून नेला. आपण विलायती चिंच म्हणतो, विलायती कापड म्हणतो, तेव्हा अर्थ असतो परका, बाहेरचा. तोच शब्द गोऱ्या शिपायाच्या तोंडात गेला आणि त्याचा अर्थ झाला घर. आपल्याला जे परकं तेच त्याला आपलं. हे वाचलं तेव्हा मला नातवाचा तो 'च' पहिल्यांदा जरा कमी टोचला.

१९१८ मध्ये फ्रान्समध्येच, आघाडीजवळ, या सैनिकांनी 'ऑझी' नावाचं मासिकही काढलं. फिलिप हॅरिस हा त्याचा संपादक. विनोद, कविता, चित्रं, सगळं शिपायांनीच लिहिलेलं. युद्धानंतर ते मासिक मायदेशी पुन्हा निघालं आणि तो शब्द नागरी कपडे घालून सगळ्यांच्या घरात शिरला.

एक गंमत बघा. कायद्याने 'ऑस्ट्रेलियन नागरिक' असं काही तेव्हा नव्हतंच. ते सगळे ब्रिटिश प्रजाजन होते, आपण होतो तसेच. ऑस्ट्रेलियाच्या नागरिकत्वाचा कायदा झाला १९४८ मध्ये आणि अमलात आला २६ जानेवारी १९४९ रोजी. म्हणजे 'ऑझी' आधी जन्मला, आणि 'ऑस्ट्रेलियन नागरिक' हे कागदावरचं नाव त्यानंतर तीस-बत्तीस वर्षांनी आलं. बारशाआधीच लाडाचं नाव रूढ व्हावं, तसं झालं.

पण लाडाचं नाव सगळ्यांसाठी होतं का? इथे माझ्यातली इतिहासाची बाई जागी झाली.

गॅलिपोलीत आपलेही हजारो लोक होते. शीख होते, गुरखे होते, डोंगरी तोफखाने होते, आणि खेचरांवरून दाणागोटा, पाणी आणि दारूगोळा वर चढवणारे खेचरवाले होते. जेकब्ज माउंटन बॅटरी हा हिंदी तोफखाना तर पहिल्याच दिवशी अँझॅक फौजांबरोबर किनाऱ्यावर उतरला. ऑस्ट्रेलियात मुलांना शिकवली जाते ती सिम्पसन आणि त्याच्या गाढवाची गोष्ट. हा सिम्पसन जखमींना गाढवावर बसवून खाली आणायचा, १९ मे १९१५ रोजी तो मारला गेला. तो आपल्या हिंदी तोफखान्याच्या तळावरच मुक्कामाला असे आणि आपले लोक त्याला 'बहादूर' म्हणत असं सांगतात. त्यालाही टोपणनाव, आणि तेही आपण दिलेलं! आणि ऑस्ट्रेलियाचा हा लाडका वीर जन्माने कुठला? इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्सचा. म्हणजे 'ऑझी' व्हायला तिथे जन्मच घ्यावा लागतो असं नाही. रंग मात्र योग्य लागत होता.

कारण १९०१ मध्ये देश एक झाला त्याच वर्षी तिथे स्थलांतराचा कायदा झाला. नको असलेल्या माणसाला अडवायचं कसं? तर श्रुतलेखन घालून! कुठल्याही युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा अधिकाऱ्याने वाचायचा आणि आलेल्याने लिहायचा. चुकला की परत. भाषा कोणती ते अधिकाऱ्याने ठरवायचं. मी जन्मभर मुलांना श्रुतलेखन घातलं, ते शुद्धलेखन सुधारावं म्हणून. कुणाला नापासच करायचं ठरवून श्रुतलेखन घालणारी ही शाळा मी पहिल्यांदाच पाहिली. १९३४ मध्ये एगॉन किश नावाचा एक चेक पत्रकार आला. त्याला बऱ्याच भाषा येत होत्या, म्हणून त्याला चक्क स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत परीक्षा घातली! तिथल्या हायकोर्टानेच ती परीक्षा अमान्य केली. ही श्रुतलेखनाची परीक्षा १९५८ पर्यंत कायद्यात होती, आणि गोऱ्या ऑस्ट्रेलियाचं धोरण पूर्णपणे मोडीत निघालं ते १९७३ मध्ये.

ज्यांची ती भूमी मूळची, त्यांचं काय? युरोपीय वंशाचे नसलेल्यांना सैन्यात घ्यायचं नाही असा नियम असूनही शेकडो आदिवासी पहिल्या महायुद्धात लढायला गेले. खंदकात ते 'ऑझी' होते. परत आल्यावर सैनिकांना जमिनी वाटल्या गेल्या, तेव्हा बहुतेकांना त्यातून वगळलं. देशाच्या शिरगणतीत त्यांची गणना व्हावी म्हणून १९६७ साली सार्वमत घ्यावं लागलं. नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी 'हो' म्हटलं, ही मात्र त्या लोकांची चांगली गोष्ट.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून निर्वासितांचे लोंढे आले. लोक त्यांना वाटेल त्या नावांनी हिणवत. म्हणून स्थलांतर मंत्री आर्थर कॅलवेल यांनी 'न्यू ऑस्ट्रेलियन' असं म्हणा, असा प्रचार केला. हेतू चांगला होता. पण 'नवा' हा शब्द किती वर्षं चिकटवायचा? ग्रीक आणि इटालियन घरांतली तिथे जन्मलेली मुलं शाळेत 'वॉग' म्हणून चिडवली गेली. वाईट शिवी आहे ती. त्या मुलांनी पुढे करन्सी पोरांसारखंच केलं. शिवी उचलून आपली केली, १९८७ मध्ये 'वॉग्ज आउट ऑफ वर्क' नावाचं नाटकच केलं, आणि गोऱ्या मुलांना उलट 'स्किप' हे नाव ठेवलं, टीव्हीवरच्या 'स्किपी' नावाच्या कांगारूवरून. पण त्या मुलांच्या बोलण्यात 'ऑझी' म्हणजे कोण, तर 'ते', आपण नव्हे. खिशात पासपोर्ट ऑस्ट्रेलियाचा, जन्म ऑस्ट्रेलियातला, तरी 'ऑझी' दुसरेच कुणीतरी. ऑस्ट्रेलियन हे नाव सरकार देतं. ऑझी हे नाव शेजारी देतात, आणि द्यायचं नसलं की देत नाहीत.

सामन्यांच्या वेळी स्टेडियममध्ये 'ऑझी ऑझी ऑझी' अशी आरोळी उठते ती तुम्ही टीव्हीवर ऐकली असेल. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ती फार गाजली. तीच आरोळी ११ डिसेंबर २००५ रोजी सिडनीच्या क्रोनुला किनाऱ्यावर पाचेक हजारांच्या जमावाने दिली, आणि अरबांसारखा दिसेल त्याला मारहाण केली. आठवतो ना राम्या? शब्द तोच.

माझी लेक २००८ मध्ये तिकडे गेली. पुढच्याच वर्षी मेलबर्नला भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. ३१ मे २००९ रोजी हजारो लोक तिथे रस्त्यावर उतरले. आम्ही इथे टीव्हीसमोर बसून होतो. ती रोज सांगायची, "आई, मी ठीक आहे." पण संध्याकाळच्या गाडीने एकटी यायचं तिने बंद केलं होतं, हे मला चार वर्षांनी कळलं. पुढे तिने तिकडचं नागरिकत्व घेतलं. आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत, त्यामुळे इथला पासपोर्ट परत करावा लागला. त्या दिवशी ती फोनवर फार कमी बोलली. आज ती कायद्याने पूर्ण ऑस्ट्रेलियन आहे. पण 'मी ऑझी' असं तिच्या तोंडून मी आजवर ऐकलेलं नाही.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही.

नव्वदच्या दशकात वारणा धरणामुळे उठलेली काही गावं आमच्या भागात वसवली गेली. त्या वसाहतीतली मुलं आमच्या शाळेत यायला लागली. सगळे त्यांना 'धरणग्रस्त' म्हणत. सरकारी कागदावरचा शब्द, त्यात शिवी नव्हती काही. शिक्षकांच्या खोलीत म्हणत, हजेरीच्या वेळी म्हणत. मीही म्हणत असे. एकदा शिष्यवृत्तीचे फॉर्म वाटताना मी वर्गात म्हटलं, "धरणग्रस्तांच्या मुलांनी हात वर करा." चार-पाच हात वर झाले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला नाही. मी त्याला उभं केलं. तर तो खाली बघत म्हणाला, "बाई, आमाला येऊन सात वरसं झाली. माझा जन्म तिकडचा, पण माझ्या भनीचा हितलाच हाय. ती बी धरणग्रस्तच का?"

मी त्याला खाली बस म्हटलं आणि फॉर्म वाटले. उत्तर दिलं नाही. खरं म्हणजे माझ्याजवळ उत्तर नव्हतं. घरी येऊन भाकऱ्या थापताना ते आठवलं, दुसऱ्या दिवशी विसरले. शब्द मात्र त्यानंतर वर्गात वापरला नाही, एवढंच.

असो. तर नातवाने 'मी पण ऑझीच' म्हटल्याला आठवडा झाला असेल. लेकीचा फोन आला. मी जरा फुगूनच तिला ते सांगितलं. ती गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, तू त्याला नक्की काय विचारलं होतंस?"

मी सांगितलं. ऑसी मुलं किती आणि आपली किती.

तेव्हा तिने जे सांगितलं ते असं. त्याच महिन्यात त्याच्या वर्गात एक नवीन मुलगा आला होता. त्याने याला विचारलं, तू कुठला? हा म्हणाला, मेलबर्नचा. तो म्हणाला, तसं नाही, खरा कुठला? हा म्हणाला, इथलाच. तो म्हणाला, नाही रे, खरा खरा कुठला? पोरगं घरी येऊन दोन दिवस गप्प होतं. तिसऱ्या दिवशी जेवताना आपणहून म्हणालं, "आई, पुन्हा कुणी विचारलं ना, की मी म्हणणार आहे, मी पण ऑझीच आहे." त्याने ते उत्तर तयार करून ठेवलं होतं. आणि ते वापरायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदा आणली ती आजीने.

तो 'च' मला दूर लोटायला नव्हताच मंडळी. तो त्याने दाराला लावलेला अडसर होता, आणि बाहेरून दार ढकलणाऱ्यांत मीही होते. 'ऑसी किती आणि आपली किती' या प्रश्नात मी त्याला मधल्या रेषेवर उभं केलं होतं, आणि पाय कुठे टाकतोस ते सांग म्हणत होते.

२०२१ च्या त्यांच्या जनगणनेत भारतात जन्मलेले पावणेसात लाखांच्या आसपास लोक ऑस्ट्रेलियात होते. परदेशांत जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडच्या खालोखाल आपलाच नंबर. त्यांची मुलं आता तिथल्या शाळांत आहेत. 'ऑझी' या शब्दाचा चौथा की पाचवा अर्थ आता ती मुलं घडवणार. खंदकातल्या मुलांनी घडवला, ग्रीक-इटालियन मुलांनी वाकवला, तशी ही. त्यासाठी त्यांना माझी परवानगी लागत नाही.

पुढच्या रविवारी मी त्याला त्या शब्दाचे तीन अर्थ सांगितले. जखमेचा अर्थ त्याला फार आवडला. "म्हणजे पाय मोडला तर घरी जायला मिळायचं?" असं दोनदा विचारलं. मग विलायतीची गोष्ट सांगितली. ती त्याला नीट समजली की नाही कोण जाणे. शेवटी म्हणाला, "आजी, तू इथे येऊन राहिलीस तर तू पण ऑझी होशील."

म्हटलं, "मी आजी आहे ते पुरे आहे रे."

"सेमच तर वाटतं ऐकायला," असं म्हणून तो बराच वेळ 'आजी-ऑझी, आजी-ऑझी' करत हसत होता.

तो मागच्या बाकावरचा मुलगा आता चाळिशीच्या पुढे असेल. त्याची बहीणही मोठी झाली असेल, कदाचित तिची मुलं आमच्याच शाळेत असतील. तुझी बहीण इथलीच, आणि तूही, एवढं चार शब्दांत त्या दिवशी वर्गासमोर सांगता आलं असतं. सांगायला बाईंना तीस वर्षं लागली.

तुमच्यापैकी ज्यांची मुलं-नातवंडं परदेशी आहेत त्यांनी जरूर कळवा, ती स्वतःला काय म्हणवतात. आणि तुम्ही त्यांना काय विचारता, तेही.

ता. क. : डोळा आता उत्तम आहे.